श्वास चालू होता

"अक्का, ती बादली जरा इकडं सरकव," श्रीरंग म्हणाला, आणि मी बादलीला हात घातला तोवर तो पडला.

आधी मला वाटलं, पाय घसरला. अंगणभर साबणाचं पाणी झालं होतं. श्रीरंग माझा धाकटा भाऊ. तासगावातल्या एका शाळेची बस चालवायचा आणि दर रविवारी ती पिवळी बस दारात आणून स्वतः धुवायचा. मी सांगलीत एकटी राहायचे, तिथल्या एका तलावावर मुलींना आणि बायकांना पोहायला शिकवायचे. रविवारी त्याच्याकडं जेवायला जायचं, हा आमचा शिरस्ता होता.

"ऊठ की रे," मी हसत म्हटलं.

तो उठला नाही. तो उताणा पडला होता, डोळे अर्धवट उघडे. हातातून सुटलेल्या नळीचं पाणी त्याच्या तोंडावर उडत होतं आणि पापणी लवत नव्हती. मी नळी बाजूला ढकलली, त्याच्या नाकाशी गाल नेला. काही नाही. मानेवर बोटं ठेवली. काही नाही.

"वैजयंता!" मी ओरडले.

वैजयंता, त्याची बायको, पिठाच्या हातानंच बाहेर आली. त्याचं डोकं मांडीवर घ्यायला लागली तशी मी तिला म्हटलं, "डोकं खाली ठेव. आधी बघ, श्वास लागतोय का हाताला?"

तिनं त्याच्या नाकापुढं तळवा धरला. "नाही, अक्का. काहीच लागत नाही," ती म्हणाली, आणि मग मोठमोठ्यानं रडायला लागली.

तलावावर कामाला लागताना आम्हाला हे शिकवलं होतं. रबरी पुतळ्यावर शिकले होते, आणि पुतळ्याच्या छातीत हाडं नसतात. दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपरं ताठ करून मी दाबायला लागले. तिसऱ्या-चौथ्या वेळी खालून कडकन आवाज आला. वैजयंता किंचाळली, "मोडलं, अक्का! काहीतरी मोडलं!" मी थांबले नाही. मध्येच तोंडानं हवा भरली, परत दाबलं. शेजारचे यशवंत पाटील जीप काढायला धावले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझ्या दंडातली ताकद संपत आली होती आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते, लहानपणी द्यायचे तशा.

मग तो कण्हला. घशातून घरघर झाली, छाती आपली आपण वर आली. ओठांची निळाई हळूहळू उतरली. मी त्याच्या अंगावर कोसळलेच.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो नीट शुद्धीवर आला नव्हता, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "खांदा दुखतोय. उजवा खांदा."

"पडताना लागला असेल," वैजयंता म्हणाली.

खांद्याला काही झालं नव्हतं. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो पांढराफटक पडला, पोट फुगून कडक झालं. सोनोग्राफी करून सर्जन बाहेर आले. उंच, थोडे वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "छाती कुणी दाबली?"

"मी."

"यकृताला चीर गेली आहे. पोटात रक्त साठतंय, खांदा दुखतोय तोही त्यामुळंच. आत्ता उघडावं लागेल."

मी माझ्या तळव्यांकडं बघितलं. "माझ्या हातानं?"

"छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक असतं ना, त्याच्या लगेच मागं यकृताचा डावा भाग येतो. दाबताना ते टोक कधी कधी आत रुततं. फार क्वचित होतं, आणि हात बरोबर ठेवले तरी होतं." ते आत जायला वळले, पुन्हा थांबले. "हे बघा, यकृत शिवता येतं. थांबलेलं हृदय घेऊन तुम्ही इथं आला असता, तर मला काही करता आलं नसतं."

ऑपरेशन नीट झालं. वैजयंता बाकावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. "अक्का, तुम्ही नसता तर?" एवढंच ती मधूनमधून म्हणायची. मी तिच्या केसांवरून हात फिरवायचे. तिच्या केसांना अजून पीठ लागलेलं होतं.

श्रीरंग बोलायला लागल्यावर हृदयाचे डॉक्टर तपासायला आले. तरुण होते, बोलायला मोकळे. कागदाची लांब पट्टी हातात धरून म्हणाले, "ही पट्टी ठीक दिसतेय. पण पट्टी आत्ताची गोष्ट सांगते, त्या सकाळची नाही. हृदय एकदा असं अचानक थांबलं असेल, तर परत थांबू शकतं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून घ्या. तोपर्यंत गाडी चालवायची नाही. तुम्ही काय चालवता?"

"शाळेची बस," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. "मग तर अजिबात नाही."

श्रीरंग छताकडं बघत होता. "हृदय थांबलं असं कोण म्हणतंय?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला चक्कर आली होती, साहेब. सकाळपासून पोटात काही नव्हतं. उन्हात उभा होतो."

मला त्याची कीव आली. त्याला आठवत नाही, मला वाटलं. कसं आठवणार?

"तुला कळत नव्हतं, श्रीरंग. नाडी लागत नव्हती तुझी. श्वास नव्हता."

"अक्का, तू घाबरली होतीस."

डॉक्टरांनी वैजयंताकडं बघितलं. "तुम्ही होता ना तिथं? श्वास चालू होता का?"

वैजयंता सलाइनच्या बाटलीकडं बघत होती. मी तिच्याकडं अगदी निर्धास्त बघत होते. आता ती सांगेल, मग याला डॉक्टरांचं ऐकावं लागेल.

"चालू होता," ती म्हणाली.

मला नीट ऐकू आलं नाही असंच मला वाटलं.

"चालू होता श्वास," तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. "अक्कांना वाटलं थांबलाय. त्यांनी दाबायला सुरुवात केली. मी त्यांना म्हणत होते, मोडलं, मोडलं."

डॉक्टर माझ्याकडं वळले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, पण विश्वासही आता नव्हता. "तपासण्या तरीही करून घ्या," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

व्हरांड्यात मी वैजयंताचा दंड धरला. "तू हात धरला होतास त्याच्या नाकापुढं. तू मला सांगितलंस."

"मला आठवत नाही, अक्का."

"माझ्याकडं बघून सांग."

ती बघत नव्हती. "जे झालं ते झालं. ते जिवंत आहेत ना? आता तुम्ही सारखं हृदय हृदय करू नका. लोक ऐकतात."

लोकांनी ऐकलं ते वेगळंच. श्रीरंग घरी जायच्या आत तासगावात बातमी पोचली होती: भावाला साधी चक्कर आली आणि बहिणीनं घाबरून त्याचं पोट फाडलं. भेटायला येणाऱ्यांना तो सदरा वर करून टाके दाखवायचा. माझ्यासमोरसुद्धा. "आमच्या अक्काची करामत," म्हणायचा आणि हसायचा. मी चहाचे कप उचलून आत जायचे. सांगलीत तलावावर मुलींच्या आया विचारायला लागल्या, "बाई, तुमच्या भावाला काय झालं हो?" दोघी-तिघींनी मुलींना पाठवणं बंद केलं.

तरीही मला राग आला नव्हता. तो घाबरलाय, मी स्वतःला सांगायचे. बरा झाला की त्याला पुण्याला नेईन.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तो बसवर परत गेला.

मी त्याच दिवशी संध्याकाळी तासगावला गेले. मुलांना सोडून तो बस घेऊन आला होता. मी बसमध्येच चढले. तो स्टिअरिंगपुढं बसलेला होता, मी त्याच्या मागच्या बाकावर बसले.

"श्रीरंग, आपण दोघंच आहोत. तुला खरंच वाटतं, तुझं हृदय थांबलं नव्हतं?"

त्यानं चावी काढून खिशात टाकली. मग मागं न वळता म्हणाला, "थांबलं होतं. माहीत आहे मला."

"काय?"

"आधी पण झालंय. दिवाळीत एकदा. न्हाणीघरात पडलो होतो, आपला आपण उठलो. वैजयंतानं कोल्हापूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, ठोके मध्येच वेडेवाकडे पडतात. बस सोड म्हणाले."

"वैजयंताला माहीत होतं?"

"तिला सगळं माहीत आहे."

बाहेर रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळत होती. मला त्यांचा आरडाओरडा फार लांबून येतोय असं वाटायला लागलं.

"मग तू सगळ्यांना हे का सांगत सुटलास? माझ्या हातानं..."

"मग काय सांगू?" तो एकदम वळला. "हृदय बंद पडलं सांगितलं तर उद्या बस काढून घेतील. मला दुसरं काय येतं, अक्का? शाळेतली पोरं मला काका म्हणतात. गावात मी चाललो की आयाबाया थांबून बोलतात. घरात बसून मी काय करू, वाती वळू?"

"बसमध्ये चाळीसेक पोरं असतात, श्रीरंग."

"काही होत नाही."

"ते तू ठरवणार?"

"मग कोण, तू?" त्याचा आवाज खाली आला, आणि त्यात मी आधी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "जा. सांग कुणाला सांगायचं ते. सांगून बघ."

त्या रात्री मला झोप आली नाही असं म्हणायला हवं, पण मी गाढ झोपले. आपण काय करायचं ते मला ठाऊक होतं. सकाळी मी शाळेत गेले.

मुख्याध्यापिका इनामदार बाई म्हणजे भल्या बाई. त्यांनी मला बसवलं, शिपायाला चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. अंगण, श्वास, यकृत, डॉक्टर, न्हाणीघर, कोल्हापूर. काही वगळलं नाही. त्या मध्येच बोलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर इतका सौम्यपणा होता की मला हायसं वाटलं.

माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"ताई, घ्या. गार होईल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "श्रीरंग परवाच येऊन गेले माझ्याकडं."

"कशाला?"

"तुम्ही याल म्हणाले." त्या शब्द शोधत होत्या. "त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं. मिरजेचं. तुमच्यावर तिथं उपचार चालू होते ते. अशा धक्क्यानं माणूस पुन्हा हळवं होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ते तुमच्याविषयी वाईट काही बोलले नाहीत हो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

उचललेला कप मी परत बशीत ठेवला.

मिरजेचं फक्त एका माणसाला माहीत होतं. माझं बाळ पोटातच गेलं आणि त्यानंतर नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं, तेव्हा मी जेवणं सोडलं होतं, बोलणं सोडलं होतं. श्रीरंग तेव्हा विशीतला. त्यानंच मला मोटरसायकलवर बसवून मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. दर आठवड्याला नेलं, वर्षभर. आईला सांगायचा, अक्काला शिवणाच्या क्लासला सोडून येतो. मी आत असायचे तोवर तो बाहेर झाडाखाली बसून राहायचा. बरी झाल्यावर पोहायला शिक म्हणून मागं लागला तोही तोच. एकदा परत येताना मी त्याला म्हटलं होतं, "कुणाला कळलं तर?" आणि तो म्हणाला होता, "मी मेलो तरी माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही."

"थोडी विश्रांती घ्या," इनामदार बाई म्हणत होत्या. "वाटलं तर मी सोबत येते डॉक्टरांकडं."

यावर मी काहीही बोलले असते, तर ते वेड्या बाईचं बोलणं ठरलं असतं. आवाज चढवला तरी, रडले तरी. मी चहा संपवला, नमस्कार केला आणि बाहेर आले. फाटकाशी बस उभी होती. श्रीरंग फडक्यानं काच पुसत होता. मी कुठून आले ते त्यानं पाहिलं, आणि काच पुसत राहिला.

तलावावर मी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बस पहिल्या थांब्यावर आली तेव्हा मी मुलांबरोबर चढले आणि त्याच्या मागच्या बाकावर बसले.

"खाली उतर," तो म्हणाला.

"नाही उतरत."

"अक्का, तमाशा करू नकोस."

"मी काही करत नाही. बसलेय फक्त."

मुलांसमोर त्याला मला ओढून काढता येईना. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींनी माझ्याकडं जरा दबकून बघितलं, त्यांच्याही कानावर आलं असणार. मुलांना मात्र मजा वाटली. ती मला अक्का म्हणायला लागली, माझ्या मांडीवर दप्तरं ठेवायला लागली. मी रोज जाताना बसायचे, येताना बसायचे. मला बसमध्ये घेऊ नको असं शाळेनं त्याला सांगितलंही असेल. तो मला काही बोलला नाही. आरशात आमची नजरानजर व्हायची तेवढीच. मी त्याच्या मानेकडं, खांद्यांकडं बघत असायचे. त्याचं काही झालं तर हात कुठं पोचवायचा, एवढाच विचार. त्याच्यावर प्रेम आहे की नाही, हे मी त्या दिवसांत स्वतःला विचारलं नाही.

एका सकाळी आम्ही द्राक्षबागांच्या रस्त्यानं चाललो होतो. रस्ता सरळ, रिकामा. मागची मुलं कुठलीशी कविता ओरडत होती. मला आरशात त्याचे डोळे दिसले, आणि त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. बस हळूच डावीकडं, बागेच्या बाजूच्या चराकडं जायला लागली.

"श्रीरंग!" मी पुढं झेपावून त्याचा खांदा हलवला आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यानं दचकून श्वास घेतला आणि ब्रेक दाबला. बस चराच्या कडेला हिसका देऊन थांबली. मुलं एकमेकांवर आपटली आणि हसायला लागली. त्यांना गंमत वाटली. मावशी म्हणाल्या, "कुत्रं आलं का काय आडवं?"

श्रीरंगनं इंजिन बंद केलं. कपाळावर घाम डवरला होता. दार उघडून तो खाली उतरला आणि चराच्या काठावर बसला. मी त्याच्या मागं उतरले. मला वाटलं, आता तो बोलेल.

"झालं तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला.

तो उठला आणि गावाच्या दिशेनं चालायला लागला. मुलांकडं त्यानं मागं वळून बघितलं नाही. मी आणि मावशी त्या बसपाशी थांबलो. एका बागायतदारानं शाळेत निरोप दिला, दुसरा ड्रायव्हर आला, मुलं शाळेत पोचली.

श्रीरंगनं त्याच दिवशी शाळेची नोकरी सोडली. माझ्या मनात आशेचा तंतू अजून होता. आता तरी तो खरं कारण सांगेल. संध्याकाळी शेजारच्या यशवंत पाटलांकडून मला कळलं, त्यानं इनामदार बाईंना काय सांगितलं ते. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून जोर लावून स्टिअरिंग फिरवता येत नाही, टाके ओढतात. बहिणीच्या हातून झालं, तिला दोष कसा देणार, नशीब आपलं.

शाळेनं त्याचा सत्कार केला म्हणे, नारळ आणि शाल देऊन. काही मुलं रडली.

पुढं तो पुण्याला जाऊन छातीत ठोके सांभाळणारं मशीन बसवून आला. गावात सांगितलं, पोटाच्या तपासणीसाठी गेलो होतो. मी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विश्वास ठेवला नसता हे खरं. पण बस त्याच्या हातातून गेली होती, मुलं रोज शाळेत पोचत होती, तो जिवंत होता. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. फक्त त्याच्या घरी माझं जाणं संपलं. दर रविवारी दुपारी मी एकटीपुरता भात लावायचे.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याच्या मुलीचं, मृण्मयीचं लग्न ठरलं. ती स्वतः पत्रिका घेऊन आली, पाया पडली, "आत्या, तू आली नाहीस तर मी बोहल्यावर चढणार नाही," म्हणाली. मी गेले.

कार्यालयात वैजयंतानं मला बघितलं. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "बरं झालं आलात, अक्का," एवढंच म्हणाली आणि घाईनं दुसऱ्या पाहुणीकडं गेली.

जेवणाच्या वेळी श्रीरंग व्याह्यांच्या मंडळींबरोबर उभा होता. केस पिकले होते, पण तब्येत चांगली होती, खणखणीत बोलत होता. मी जवळून चालले होते. नवऱ्या मुलाचे काका मोठे गमत्ये दिसत होते. त्यांनी मला थांबवलं.

"तुम्ही श्रीरंगरावांच्या भगिनी ना?" त्यांनी हात जोडले. मग डोळे मिचकावत श्रीरंगकडं बघितलं. "म्हणजे भावाला चक्कर आली म्हणून ज्यांनी त्याचं पोट फाडलं, त्या ह्याच का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काहींनी हसू दाबलं होतं. वैजयंता दोन पावलांवर, हातात पानांचं तबक घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिची नजर तबकात होती.

मी श्रीरंगकडं बघितलं. आता सांगायला काही अडचण नव्हती. बस गेली होती, लोकांचं बोलणं जुनं झालं होतं, मुलीच्या डोक्यावर अक्षता पडल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

"ह्याच त्या," श्रीरंग म्हणाला, आणि सगळ्यात आधी तोच हसला.

मग सगळे हसले. हसू ओसरेपर्यंत मी थांबले.

"हो, मीच ती," मी त्या काकांना म्हटलं, आणि जेवायला जाऊन बसले.